हजारामागे एक : मेजर जनरल साहिब सिंग सोखी आणि मराठवाडा

बीड जिल्ह्यातील मामला या लहानशा गावात ऑगस्ट १९९४ मध्ये उंदीर मरून पडू लागले, पिसवांचा उपद्रव वाढला आणि काही दिवसांनी माणसांना जांघेत व काखेत गाठी येऊन ताप चढू लागला. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना या लक्षणांचा अर्थ सांगावा लागला नसेल. उंदीर पडले की घर सोडून माळावर झोपड्या घालायच्या, ही रीत मराठी मुलखातील दोन पिढ्यांच्या अंगवळणी पडलेली होती. शासकीय यंत्रणेला मात्र या रोगाची आठवण जवळजवळ उरली नव्हती. १९६६ नंतर भारतात माणसांतील प्लेगची नोंद झालेली नव्हती. महिन्याभराने सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली, लाखो माणसे शहर सोडून पळाली, विमाने अडवली गेली, आणि औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दिसेनाशा झाल्या.

मामल्याच्या साथीमागे त्याआधीच्या वर्षीचा भूकंप असावा, असा कयास त्या वेळी अनेक अभ्यासकांनी बांधला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे मेली. त्याचे हादरे शेजारच्या बीड जिल्ह्यालाही बसले. भेगा पडलेली घरे सोडून लोक उघड्यावर राहू लागले. बंद घरांतले धान्य उंदरांना मोकळे झाले. उंदीर वाढले आणि त्यांच्यामागोमाग पिसवा. हा कार्यकारणभाव प्रयोगशाळेत सिद्ध करणे अवघड आहे आणि साथीच्या निदानाविषयीही वैज्ञानिकांत वाद झाले. तरीही रोगाची वाट जंतूइतकीच घर, धान्य आणि दळणवळण यांतून जाते, हे त्यातून ध्यानात येते. ही गोष्ट अर्धशतकापूर्वी ज्याने ओळखली होती आणि तिच्यावरून देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडाच मांडला होता, अशा एका लष्करी वैद्याच्या कारकिर्दीचा येथे विचार करायचा आहे. त्याचे नाव मेजर जनरल साहिब सिंग सोखी. मुंबईच्या परळमधील हाफकिन संस्थेचे ते पहिले भारतीय संचालक.

सोखी पंजाबचे. जन्म १८८७ चा. एडिंबरोस वैद्यकाचे शिक्षण घेऊन १९१३ साली ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. या सेवेचे स्वरूप आज सहसा ध्यानात येत नाही. ती मुळात सैन्याची सेवा होती. तिच्या अधिकाऱ्याला लष्करी हुद्दा असे. शांततेच्या काळात त्याला जिल्हा रुग्णालयात, तुरुंगात, वैद्यकीय महाविद्यालयात किंवा प्रयोगशाळेत नेमले जाई आणि युद्ध पेटले की परत पलटणीत बोलावता येई. ब्रिटिश हिंदुस्थानातले बहुतेक नावाजलेले वैद्यकीय संशोधन याच गणवेशातल्या माणसांच्या हातून झाले. १८९७ साली डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहणारा रोनाल्ड रॉस हा याच सेवेतला, आणि ते काम त्याने निजामाच्या हद्दीतील सिकंदराबादच्या छावणीत केले. उंदरावरची पिसू प्लेग पसरवते हे मुंबईत दाखवून देण्यात ज्याचा मोठा वाटा होता तो लिस्टनही याच सेवेतला. उलट वाल्डेमार हाफकिन हा मुलकी माणूस, वैद्यकाची पदवी नसलेला आणि रशियातून आलेला ज्यू. त्याने १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, आणि १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल येथे लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली तेव्हा ठपकाही त्याच्यावरच आला. तो निर्दोष ठरायला १९०७ उजाडले. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्याचे नाव देण्यात आले, आणि सुमारे त्याच काळात सोखी त्या प्रयोगशाळेत आले.

सैनिकी वैद्यकाची एक स्वतंत्र विचारपद्धती असते. मुलकी डॉक्टरपुढे एक रुग्ण येतो. लष्करी डॉक्टरपुढे एक पलटण असते. गोळीने जितके मरतात त्याहून अधिक शिपाई हगवण, हिवताप आणि पटकी यांनी मरतात, हे त्याला इतिहासाने शिकवलेले असते. म्हणून तो आधी पाणी, अन्न आणि तळाची जागा तपासतो, मग औषधांच्या पेट्या मोजतो, आणि त्या पेट्या पुढच्या ठाण्यावर केव्हा पोहोचतील हे विचारतो. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या मोहिमेत हीच साखळी तुटली. कुत येथे डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात वेढल्या गेलेल्या पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणीही होत्या. तेथल्या हिंदी शिपायांना अन्नाच्या तुटवड्याने स्कर्व्ही झाला. जखमींना नदीवरून नेण्याची सोय इतकी अपुरी पडली की पुढे त्यावर चौकशी आयोग नेमावा लागला. डॉक्टर होते, ज्ञानही होते. कमी पडला तो पुरवठा. सोखींच्या पिढीतील लष्करी वैद्यांच्या डोळ्यांसमोर घडलेला हा धडा होता, आणि सोखींच्या पुढच्या सगळ्या लिखाण-भाषणांमागे त्याची छाया जाणवते.

१९३२ साली ते हाफकिन संस्थेचे संचालक झाले आणि सुमारे सतरा वर्षे त्या पदावर राहिले. या काळातले त्यांचे प्लेगवरचे काम दोन अंगांनी पाहता येते. एक अंग जंतूचे : लस अधिक प्रभावी आणि भरवशाची कशी होईल, तिची ताकद प्राण्यांवर कशी मोजायची, ती मोठ्या प्रमाणावर कशी तयार करायची. दुसरे अंग उंदराचे. सोखी आणि त्यांचे सहकारी चित्रे यांनी १९३७ साली रानउंदरांच्या प्रतिकारशक्तीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या शहरांत प्लेग वर्षानुवर्षे ठाण मांडून होता तेथले उंदीर प्लेगच्या जंतूला सहज बळी पडत नाहीत, आणि जेथे प्लेग फारसा पोहोचला नाही तेथले उंदीर पटापट मरतात, असे त्यातून दिसले. म्हणजे मुंबईतला प्लेग ओसरण्याचे श्रेय केवळ लशीला किंवा सफाईला नव्हते. उंदरांच्या पिढ्यांमध्येही एक निवड घडत होती. स्वतः लस बनवणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाने हे छापावे, यात त्याच्या बुद्धीचा प्रामाणिकपणा आहे.

१९४० च्या सुमारास सल्फा गटातली औषधे हाती आली. हाफकिन संस्थेत के. गणपती यांच्यासारख्या रसायनज्ञांनी ती येथेच तयार करण्याचे काम हाती घेतले. १९४१ साली वागळे, सोखी, दीक्षित आणि गणपती यांनी प्लेगच्या रुग्णांवरील या औषधांच्या परिणामांचा अहवाल प्रसिद्ध केला. प्लेगसारखा रोग रासायनिक औषधाने आटोक्यात येऊ शकतो हे दाखवणाऱ्या आरंभीच्या कामांपैकी ते एक होते. यातले भालचंद्र दीक्षित पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले. या चौघांच्या नावांच्या क्रमातही काही सांगण्यासारखे आहे. रुग्णालयातला डॉक्टर, संस्थेचा प्रमुख, औषधशास्त्रज्ञ आणि रसायनज्ञ एका निबंधाखाली एकत्र आले होते. औषध शोधणे, बनवणे, तपासणे आणि रुग्णाला देणे ही एकच साखळी आहे आणि ती एकाच छपराखाली, सार्वजनिक पैशाने उभी राहू शकते, याचा तो पुरावा होता.

सोखींचे खरे वेगळेपण येथून पुढे सुरू होते. १९३८ साली सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना राष्ट्रीय नियोजन समिती स्थापन झाली. जवाहरलाल नेहरू तिचे अध्यक्ष, के. टी. शहा चिटणीस. या समितीने राष्ट्रीय आरोग्यासाठी जी उपसमिती नेमली तिचे अध्यक्षपद तेव्हा कर्नल असलेल्या सोखींकडे आले. इंग्रज सरकारच्या लष्करी सेवेतला अधिकारी काँग्रेसच्या समितीचे अध्यक्षपद भूषवतो, हे आज वाचताना नवल वाटते. उपसमितीच्या शिफारशी १९४० साली समितीपुढे आल्या आणि अहवाल १९४८ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाचा गवगवा आपल्याकडे अधिक झाला. सोखी उपसमितीचा अहवाल त्याच्या सावलीत राहिला. पण दोहोंतला फरक महत्त्वाचा आहे. भोर समितीचा भर पूर्ण शिकलेल्या डॉक्टरवर होता. सोखी उपसमितीने त्याच्या अगोदर एक साधा आकडा मांडला : दर हजार लोकवस्तीमागे एक आरोग्यसेवक. हा सेवक डॉक्टर असण्याचे कारण नाही. गावातल्या माणसाला सुमारे नऊ महिने स्वच्छता, प्रथमोपचार आणि साधे औषधोपचार यांचे शिक्षण द्यायचे. डॉक्टर आणि खाटा यांची संख्या त्यापाठोपाठ वाढवीत न्यायची.

हा आकडा फौजेतल्या माणसाला सुचावा हे स्वाभाविक होते. पलटणीत प्रत्येक तुकडीमागे जखम बांधणारा एक शिपाई असतोच; शल्यवैद्य मागच्या तळावर असतो. गावाच्या बाबतीतही पहिला हात गावातलाच हवा. त्याच अहवालात आणखी एक शिफारस होती आणि ती अधिक स्फोटक होती. औषधे, लशी आणि वैद्यकीय साधने यांत देश स्वयंपूर्ण झाला पाहिजे, आणि माणसाच्या वा जनावराच्या उपचाराला लागणाऱ्या कोणत्याही द्रव्यावर देशी वा परदेशी कोणाचीही पेटंटची मालकी असू नये. सेवक, औषध आणि मालकी या तीन गोष्टींचा सोखींच्या मनात एकच विचार होता. सेवक गावात आहे पण त्याच्या पिशवीत औषध नाही, तर तो सेवक निरुपयोगी. औषध आहे पण त्याची किंमत परदेशातली कंपनी ठरवते, तर ते औषध नसल्यासारखेच.

त्यांच्या पुढच्या आयुष्याचा मार्ग या विचाराला धरूनच गेला. १९४९ ते १९५२ या काळात ते जागतिक आरोग्य संघटनेचे सहायक महासंचालक होते. याच संघटनेच्या आणि युनिसेफच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरी येथे पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी १९५४ साली स्थापन झाली आणि पुढल्या वर्षी उत्पादन सुरू झाले. १९६१ साली तेथील संशोधकांनी बुरशीवरचे एक प्रतिजैविक शोधले आणि कंपनीच्या आद्याक्षरांवरून त्याला हॅमायसिन असे नाव दिले. १९५२ साली सोखी राज्यसभेवर नियुक्त झाले. १९५३ चे स्टालिन शांतता पारितोषिक त्यांना मिळाले; त्या वर्षीच्या मानकऱ्यांत बर्नालसारखा वैज्ञानिक आणि नेरुदासारखा कवी होता. ब्रिटिश राजसत्तेकडून 'सर' हा किताब आणि सोव्हिएत सत्तेकडून पारितोषिक मिळालेला हा जनरल कोणत्या एका कप्प्यात बसणारा नव्हता. सोव्हिएत साहाय्याने औषधनिर्मिती उभारण्याचे ते आग्रही पुरस्कर्ते होते. त्या सहकार्यातून १९६१ साली इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स, म्हणजे आय. डी. पी. एल., ही कंपनी स्थापन झाली. ऋषिकेशला प्रतिजैविके, हैदराबादला कृत्रिम औषधे आणि मद्रासला शस्त्रक्रियेची साधने असे तिचे कारखाने होते. १९७० साली संसदेने जो पेटंट कायदा केला त्याने औषधाच्या पदार्थावरची मालकी नाकारली, फक्त ते बनवण्याच्या रीतीवर मालकी मान्य केली. स्वस्त औषधांचा भारतीय उद्योग या कायद्याच्या आधाराने वाढला. कायदा अमलात आला १९७२ च्या एप्रिलमध्ये. सोखी त्याआधीच, ऑक्टोबर १९७१ मध्ये, गेले होते.

या सगळ्याचा मराठवाड्याशी काय संबंध, असा प्रश्न येथे उपस्थित होऊ शकतो. सोखी परळला संचालक होते तेव्हा नांदेड आणि लातूर मुंबई इलाख्यात नव्हतेच; ते निजामाच्या मुलखात होते. लातूर ही जुनी धान्यपेठ. धान्याच्या पोत्यांबरोबर उंदीर आणि पिसवा प्रवास करतात हे प्लेगच्या अभ्यासकांना ठाऊक होते, आणि त्यांना इलाख्याच्या सीमा कळत नव्हत्या. पण लस, डॉक्टर आणि रुग्णालय यांना त्या सीमा चांगल्याच कळत होत्या. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली. मराठवाड्यातले पहिले वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली औरंगाबादला निघाले; नांदेडला ते १९८८ मध्ये आणि लातूरला २००२ मध्ये. म्हणजे सोखींनी हजारामागे एक सेवक मागितला त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे नांदेडच्या रुग्णाला आपल्या जिल्ह्यात शिकवणारे रुग्णालय मिळाले नव्हते. ज्या प्रदेशात व्यवस्था सर्वांत उशिरा पोहोचते, तेथेच तिच्या आराखड्याची खरी परीक्षा होते. या अर्थाने सोखींचा मराठवाड्याशी संबंध आहे.

त्या परीक्षेचे तीन निकाल सांगता येतात. पहिला निकाल आशादायक आहे. मराठवाड्याच्या वेशीवर जामखेड येथे १९७० पासून रजनीकांत आणि मेबल आरोळे या दांपत्याने गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोग, लसीकरण यांत त्यांनी जे केले ते पाहायला जगभरातून माणसे आली. १९७७ साली केंद्र सरकारने हजार वस्तीमागे एक आरोग्यरक्षक अशी योजना काढली आणि २००५ पासून 'आशा' कार्यकर्तीचे प्रमाणही सर्वसाधारणपणे हजारामागे एक असेच ठरले. सोखींचे नाव कोणी घेतले नाही, पण त्यांचा आकडा टिकला. मात्र त्यांच्या कल्पनेतला सेवक व्यवस्थेचा पाया होता. 'आशा'ला मानधनावर काम करणारी स्वयंसेविका मानले गेले. आकडा घेतला, दर्जा घेतला नाही.

दुसरा निकाल १९९४ चा. गावे प्लेगच्या भीतीने गोठली तेव्हा टेट्रासायक्लिन पुरवणाऱ्यांत आय. डी. पी. एल. होती. ही कंपनी तेव्हा स्वतःच आजारी उद्योग म्हणून घोषित झालेली होती. जुने तंत्रज्ञान, अवाढव्य नोकरवर्ग, मंत्रालयाची लुडबुड आणि खाजगी कंपन्यांची स्पर्धा यांनी ती खंगली होती. १९९४ साली ती उपयोगी पडली याचा अर्थ तिचा कारभार बरा होता असा नव्हे. सोखींच्या आराखड्यातले दुबळे स्थान येथेच आहे. त्यांचा राज्यसंस्थेवर सैनिकाचा विश्वास होता : हुकूम निघाला की पेटी पोहोचते. मुलकी राज्यात पेटी अनेक टेबलांवरून जाते आणि प्रत्येक टेबलाला हुकुमाखेरीज इतरही प्रेरणा असतात. कारखाना उभारणे आणि तो पन्नास वर्षे जिवंत ठेवणे यांतला फरक त्यांच्या अहवालाने मोजला नाही. २०१६ च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने ही कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. त्याआधी २००५ पासून औषधाच्या पदार्थावरची पेटंटची मालकीही परत आली होती.

तिसरा निकाल नांदेडचा आणि तो अधिक जिव्हारी लागणारा आहे. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ या दिवसांत तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांतली १२ नवजात बालके होती. पुढच्या दिवशी हा आकडा ३१ वर गेला. औषधांचा आणि मनुष्यबळाचा तुटवडा असल्याचा आरोप झाला. रुग्णालय प्रशासनाने औषधे कमी असल्याचे नाकारले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. एकेका मृत्यूचे कारण निराळे असणार आणि त्याचा निवाडा दुरून करू नये. पण त्या चर्चेत एक नाव पुन्हापुन्हा आले, ते हाफकिनचे. १९७५ साली हाफकिन संस्थेतून उत्पादनाचा भाग वेगळा काढून शासनाने त्याचे महामंडळ केले होते, आणि २०१७ पासून राज्यातल्या सरकारी रुग्णालयांसाठी औषधे खरेदी करण्याचे काम या महामंडळाकडे सोपवले गेले होते. खरेदीला विलंब होतो अशा तक्रारी वर्षानुवर्षे होत राहिल्या. अखेर २०२३ साली कायदा करून त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमण्यात आले. ज्या नावाखाली एकेकाळी लस बनत होती, प्लेगवरचे औषध तयार होऊन तपासले जात होते, ते नाव निविदा आणि थकीत मागणीपत्रे यांच्याशी जोडले गेले.

सोखींना थोर म्हणून देव्हाऱ्यात बसवणे सोपे आहे, आणि समाजवादी भाबडेपणाचा नमुना म्हणून बाजूला सारणे त्याहून सोपे. दोन्हींत त्यांचा मूळ प्रश्न हरवतो. प्लेगवरचा इलाज १९४० च्या दशकातच सापडला होता. तेव्हापासून प्लेगचा मृत्यू हा ज्ञानाच्या अभावाचा मृत्यू राहिलेला नाही. तो अंतराचा मृत्यू आहे. इलाज आणि रुग्ण यांच्यामधले अंतर कोणी कापायचे, कोणत्या पैशाने, आणि ते न कापल्यास जाब कोणाला विचारायचा, हा सोखींचा प्रश्न होता. त्यांनी पहिल्या दोन भागांची उत्तरे दिली. तिसऱ्या भागाचे उत्तर सैन्यात तयार मिळते, कारण तेथे रसद चुकली तर अधिकाऱ्याचे नाव घेऊन चौकशी होते. मेसोपोटेमियातील बेबंदशाहीवर आयोग बसला आणि त्याचा अहवाल इंग्लंडच्या पार्लमेंटपुढे गेला. मुलकी आरोग्यव्यवस्थेत हे उत्तर आपले आपल्यालाच घडवावे लागणार आहे. नवे प्राधिकरण आले, फलक बदलले. मागणीपत्र कोणत्या तारखेला निघाले, कोणत्या टेबलावर किती दिवस राहिले आणि औषध वॉर्डात केव्हा पोहोचले, हे कोणाही नागरिकाला पाहता येईल अशी वही जोवर नाही, तोवर हजारामागे एक सेवक नेमूनही त्याची पिशवी रिकामी राहण्याची शक्यता कायम राहील.